न्याहारीचे अंडे आणि ताटात राहिलेला बलक



आमच्या कामाविषयी लिहायचे म्हटले की शाळा, दवाखाना, रस्ते असे विषय आधी सुचतात. या अंकात मी चुलीजवळच्या गोष्टीविषयी लिहिते आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर माता आणि बालकांच्या आहाराचे काम करताना, आणि वसतिगृहातल्या मुलांना सकाळी वाढताना, मला एक गोष्ट वारंवार दिसते. मूल अंड्याचा पांढरा भाग खाते आणि बलक ताटाच्या कडेला सारते. अंडे मिळाले म्हणून आपण समाधान मानतो, पण त्यातला मोलाचा भाग कोंबड्यांपुढे जातो. हे का होते आणि ते कसे टाळता येते, ते आपल्या घरीही उपयोगी पडेल असे वाटल्याने सविस्तर सांगते.

सतरा तासांचा उपास

पाड्यावर रात्रीचे जेवण सातच्या सुमारास आटोपते. सकाळी आईवडिलांना शेतावर, रानात किंवा मजुरीला निघायचे असते. मूल उठते, कोरा चहा पिते, घरात असला तर त्यात टोस्ट किंवा बिस्किट बुडवते आणि शाळेत जाते. शाळेतली खिचडी साडेबारा-एकला मिळते. संध्याकाळी सातपासून मोजले तर जवळपास सतरा-अठरा तास त्या पोटात धड अन्न नसते. सकाळच्या तासाला पेंगणारे मूल आळशी आहे असे ठरवण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

पूर्वी असे नव्हते. नागलीची भाकर (नाचणीला इकडे नागली म्हणतात), रात्रीचा उरलेला भात, आंबील किंवा पेज ही इथली जुनी न्याहारी. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्या भाकरीची जागा मैदा आणि साखरेच्या बिस्किटाने घेतली, ती केवळ गरिबीमुळे नव्हे. बिस्किट लगेच हाती येते, आणि ते शहरातले म्हणून त्याला मानही आहे.

न्याहारी म्हणजे चैन नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू रात्रभर राबलेल्या शिष्यांसाठी किनाऱ्यावर विस्तव करून मासळी आणि भाकरी तयार ठेवतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो. पेत्राशी महत्त्वाचे बोलणे होते ते खाणे झाल्यावर. उपाशी माणसाला आधी वाढावे, हे आम्हीही त्यावरूनच शिकतो.

भाकरीला अंड्याची जोड कशासाठी

भाकरीत आणि भातात प्रथिने असतात, पण लायसिन नावाचा घटक कमी असतो. शरीर वाढायला तो लागतो, आणि अंड्यात तो भरपूर असतो. म्हणून भाकर आणि अंडे एकत्र खाल्ले की दोन्हींचा उपयोग वाढतो.

मध्यम आकाराच्या एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. लोक समजतात की ती सगळी पांढऱ्या भागात आहेत. तसे नाही. निम्म्याहून थोडी कमी प्रथिने बलकात असतात. शिवाय अ आणि ड जीवनसत्त्व, लोह, मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन आणि बहुतेक सगळे ब-१२ हे बलकातच असते. पांढऱ्या भागात प्रथिने सोडली तर मुख्यतः पाणी. बलक टाकला की ही सगळी जीवनसत्त्वे गेली.

मूल बलक का टाकते

मुलाला विचारले तर ते सांगते, "वास येतो" किंवा "घशात अडकतो." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचे कारण शिजवण्यात आहे.

अंड्याचा पांढरा भाग सुमारे ६२ अंश तापमानाला घट्ट होऊ लागतो आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. खळखळ उकळते पाणी शंभर अंशांच्या जवळपास असते. आपण अनेकदा अंडी पातेल्यात घालून दुसऱ्या कामाला लागतो आणि ती अर्धा-पाऊण तास उकळत राहतात. मग पांढरा भाग रबरासारखा होतो आणि बलक कोरडा, पिठूळ. पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू सुटतो, तो बलकातल्या लोहाला मिळतो आणि बलकाभोवती हिरवट-करडे कडे धरते. नकोसा वास येतो तो या गंधकाच्या वायूचा. असे अंडे खाल्ल्याने अपाय होत नाही, पण मूल ते दुसऱ्यांदा मागत नाही.

उकडण्याची रीत

१. अंडी उकडण्याच्या आधीच धुवावीत, आणून ठेवताना नव्हे. टरफलावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो आतल्या भागाचे रक्षण करतो. धुतल्यावर तो जातो.

२. अंडी बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी आधी उकळावे. मग डावाने एकेक अंडे अलगद सोडावे. गार पाण्यापासून सुरुवात केली तर टरफल सोलताना चिकटते.

३. पाणी पुन्हा उकळले की आच मंद करावी आणि तेव्हापासून दहा-अकरा मिनिटे मोजावीत. पन्नास-साठ अंडी एकदम घातली की पाणी बरेच निवते, म्हणून वेळ पुन्हा उकळी आल्यावरच मोजायची.

४. चुलीवर असेल तर उकळी परत आल्यावर दोन-तीन मिनिटांनी लाकडे मागे ओढावीत, झाकण ठेवावे आणि बारा मिनिटे तसेच राहू द्यावे. निखाऱ्याची धग पुरते. लाकूड वाचते, आणि ती मोळी डोक्यावरून कोणी तरी बाईच आणत असते.

५. वेळ झाली की लगेच गार पाण्यात टाकावीत आणि पाणी एकदा बदलावे. हे केले नाही तर अंडे आतल्या उष्णतेने शिजतच राहते.

६. सोलताना रुंद टोकाकडून सुरुवात करावी. तिथे हवेची पोकळी असते, त्यामुळे टरफलाखालचा पापुद्रा लवकर हाती लागतो. आज घातलेले अंडे सोलायला त्रास देते, चार-सहा दिवसांचे सहज सुटते.

सातपुड्यात तोरणमाळसारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणी पाणी ९६-९७ अंशांनाच उकळते, तेव्हा एक-दोन मिनिटे जास्त द्यावीत.

असे उकडलेले अंडे कापून पाहावे. बलक पिवळाधमक, मऊ आणि पूर्ण शिजलेला असतो. लहान मुले, गरोदर बाया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना बलक पातळ राहिलेले अंडे देऊ नये, कारण त्यातून साल्मोनेला जंतूची बाधा होऊ शकते.

बुर्जी, ऑम्लेट आणि कच्चे अंडे

बुर्जीत शेवग्याचा कोवळा पाला घालतात त्या घरी मी आवर्जून कौतुक करते. कांदा-मिरची परतून पाला घालावा, तो मऊ झाला की आच कमी करून फेटलेली अंडी ओतावीत आणि हलवत राहावे. अजून थोडी ओलसर दिसत असतानाच तवा उतरवावा, उरलेले काम तव्याची उष्णता करते. तव्यावरच कोरडी होईपर्यंत ठेवली की पाणी सुटते आणि गुठळ्या कडक होतात. ऑम्लेटलाही मध्यम आचच हवी. तेल धुरावल्यावर अंडे ओतले तर कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो.

कच्चे अंडे दुधात घालून प्यायल्याने ताकद येते, हा समज गावात आहे तसा शहरातही आहे. प्रत्यक्षात कच्च्या अंड्यातली जेमतेम निम्मी प्रथिने अंगी लागतात, शिजवलेल्यातली दहापैकी नऊ भाग लागतात.

अंड्याबरोबर लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू द्यावा. अंड्यात क जीवनसत्त्व नसते, आणि ते मिळाल्याशिवाय लोह नीट शोषले जात नाही. चहा मात्र तासभर लांब ठेवावा. चहातले टॅनिन लोह अडवते. आमच्या भागात रक्त कमी असलेल्या बाया-मुली पुष्कळ आहेत, त्यांना हे एवढेच सांगितले तरी फरक पडतो.

घरची कोंबडी, बाजारचे बिस्किट

तुम्ही विचाराल, पाड्यावर घरोघरी कोंबड्या असताना मुलांना अंडी का मिळत नाहीत? गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते, तीही दहा-पंधराच्या खेपांनी. कुटुंबाच्या दृष्टीने ती अंडी म्हणजे उद्याची पिल्ले. एक कोंबडा विकला की औषधपाणी होते, पाहुणा आला की मान राखता येतो. म्हणून अंडी रवणावर बसवली जातात, उरलेली आठवडी बाजारात जातात. गावठी अंड्याला भाव चांगला मिळतो. त्या पैशातून साखर, चहापत्ती आणि मुलांसाठी बिस्किटे येतात. आईला वाटते आपण मुलाला चांगले दिले.

मी आयांना कोंबड्या विकू नका असे सांगत नाही. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. मी एवढेच सांगते की एका खेपेतली आठ-दहा अंडी बसवावीत आणि बाकीची घरात खावीत. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अंडी फारशी उबतच नाहीत, ती तर खाण्यासाठीच ठेवावीत. अंडी रोज गोळा करावीत. ताजेपणा पाहायचा तर भांड्यात पाणी घ्यावे. तळाशी आडवे पडेल ते ताजे, उभे राहील ते जुने पण लवकर शिजवून खाण्याजोगे, तरंगेल ते टाकून द्यावे. आणि मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी. हा रोग एका आठवड्यात खुराडे रिकामे करतो, आणि मग ना पिल्ले राहतात ना अंडी.

शासनाच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण दिले जाते. पुढे या योजनेत लहान मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडे आले, आणि अंडे न खाणाऱ्यांसाठी केळी. आमच्या भागात माळ घातलेली कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांना आम्ही भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ देतो. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावून पोषण होत नाही.

वाटा कोणाचा

तीन अंड्यांची बुर्जी सहा माणसांत वाढली जाते तेव्हा कोणाला किती मिळाले ते दिसत नाही. घरधन्याला आणि मोठ्या मुलाला आधी, मग लहान मुले, मग मुलगी, आणि शेवटी आई तव्याला भाकरीचा तुकडा पुसून घेते. गरोदर सुनेला तर अंडे "उष्ण" म्हणून वर्ज्यच करतात, वास्तविक तिला त्याची गरज सर्वांत जास्त असते.

म्हणून मी उकडलेल्या अंड्याचा आग्रह धरते. ते मोजता येते. ज्याच्या हातात दिले त्याचेच होते. वसतिगृहात मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाच्या ताटात एक अंडे आणि निम्मी भाकर पडते, आणि बलक नीट शिजलेला असला की ताट स्वच्छ परत येते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही पूर्ण शिजवलेले अंडे कुस्करून, आधी चमचाभर देऊन आणि पुरळ वगैरे येत नाही ना ते पाहून, सुरू करता येते.

आपल्याला एक विनंती

आपण मंडळीतून आम्हाला भेटायला येता तेव्हा मुलांसाठी प्रेमाने काही ना काही आणता. बहुतेक वेळा पिशवीत बिस्किटांचे पुडे आणि चॉकलेटे असतात. मुलांना आनंद होतो, हे खरे. पण पाहुण्यांच्या हातात जे असते तेच चांगले अन्न, असे मुले आणि त्यांचे आईवडील समजतात. पुढच्या वेळी अंड्यांचा एक ट्रे, किलोभर शेंगदाणे किंवा लिंबांची पिशवी आणा. सकाळी लवकर पोहोचता आले तर मुलांच्या पंगतीत बसून तीच नागलीची भाकर आणि तेच अंडे खा. शहरातले पाहुणे नागली खातात, हे मुलांना दिसू द्या. आमच्या दहा भाषणांनी जे होत नाही ते त्या एका न्याहारीने होईल.



सेवेतील आपली भगिनी