‘ळ’ शिकवताय? आधी खिडकीबाहेर बघा

परवा चिपळूणच्या एसटी स्टँडवर शेजारची साडेचार वर्षांची चिमुरडी पाटी वाचत होती: "चि-प-लू-ण!" मी हसलो. मग म्हटलं, हिला ‘ळ’ आपल्या गावातच सापडायला हवा.

ळ शिकवणं अवघडच. मराठी शब्द त्याने सुरू होत नाहीत. तक्त्यावर ‘ळ बाळाचा’ लिहितात, मूल चित्र बघून ‘ब’ म्हणतं. चूक तक्त्याची!

म्हणून आम्ही आधी कान तयार केला. मी ‘वेल’ म्हटलं की टाळी, ‘वेळ’ म्हटलं की उडी. मग माल-माळ, कला-कळा. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. आरशात तोंड उघडून ते बघायला मुलांना भारी आवडतं.

दुसऱ्या दिवशी ळ-शोध. घरात नारळ, गूळ, तांदूळ, केळं, नळ. गावात गोवळकोट, पोफळी आणि पावसात भरून वाहणारा वहाळ. शब्द सापडला की डब्यात एक चिंचोका. तिचे सतरा झाले, त्यात ‘आजीची कवळी’पण होती.

लिहिणं सगळ्यात शेवटी. अंगणात खडूने मोठा ळ काढला आणि त्यावरून आगगाडी चालवली. मग ताटात जांभ्याची तांबडी माती पसरून बोटाने गिरवला. "हा तर चष्मा!" चिमुरडी म्हणाली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, तीही आसपासची पानं-शिंपले वापरून. महागडे किट कशाला?

तुमचं मूल कुठल्या अक्षराशी अडलंय? कॉमेंटमध्ये सांगा. ‘ण’चे खेळ हवे असतील तर तेही लिहितो.