पंचगंगा पाण्यातून पाहताना

शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ. पंचगंगेवरच्या या सात बंधाऱ्यांची नावे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात, कारण दर पावसाळ्यात पाण्याखाली गेलेले बंधारे म्हणून ती रोज बातमीत येतात. पूर ओसरला, बंधाऱ्यात बरगे बसले की नदीकडे आपण पाहतो ते फक्त मोटारीच्या जागेवरून. फुटव्हॉल्व्ह बुडालेला आहे ना, मग झाले!

गेल्या हिवाळ्यात दोन रविवार ही नदी पाण्यात बसून पाहिली. माझा एक शाळासोबती कोकणात खाडीत कयाक चालवायला शिकला आहे. कयाक म्हणजे लांबट, निमुळती, हलकी होडी. उत्तर ध्रुवाकडचे लोक सीलच्या कातड्याची बनवत, आता ती प्लॅस्टिकची मिळते. दोघे जण पुढे-मागे पाय पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावी-उजवीकडे मारायचे. गुडघाभर पाण्यातही ती चालते. छोट्या हत्तीवर टाकून ती प्रयाग चिखलीला नेली तेव्हा घाटावर ही गर्दी जमली. एक म्हातारबा म्हणाले, "सायेब, ह्यापरास आमची काहील बरी. पुरातनं मानसं काढल्यात आमी तिच्यातनं." खोटे नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीने या जिल्ह्यात कितीतरी जीव वाचवले आहेत.

चिखलीपासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत निम्मी सकाळ गेली. सुरुवातीला पाणी बरे, बगळे, पाणकावळे, खंड्या. पण माझे लक्ष काठाकडे. रानातून पाहिले तर ऊस बांधापर्यंत लावलेला दिसतो. पाण्यातून पाहिले तर शेवटच्या सरीखाली काठ पोखरलेला आणि उसाची मुळे लोंबकळत असलेली दिसतात. पुराच्या पाण्याने खालची माती नेली, वरचा काठ पुढच्या पावसाळ्यात बसणार. दोन सऱ्या जास्त घ्यायच्या म्हणून करंज, बाभळी तोडल्या आणि आता सऱ्यांसकट रान नदीत चालले आहे. एका ठिकाणी मात्र कुणी शहाण्याने काठाला बांबू आणि वाळा लावला होता. तिथला काठ जाग्यावर होता. मित्राला थांबवून मी तो नीट पाहून घेतला. तो म्हणतो, "भावा, हितंबी ड्यूटीच करतोस व्हय?"

बंधारा जवळ आला की पन्नास पावले आधीच काठाला लागायचे, होडी खांद्यावर घ्यायची आणि खालच्या बाजूला पुन्हा पाण्यात सोडायची. बरग्यांवरून पाणी पडत असेल तिथे खाली जे फेसाळते, ते माणसाला परत बंधाऱ्याकडेच ओढते. पट्टीचा पोहणाराही त्यात सापडतो. पोरांनी बंधाऱ्यावरून उड्या मारण्याचा नाद सोडावा.

दुसऱ्या रविवारी रुई बंधाऱ्यापासून खाली निघालो आणि इचलकरंजीच्या अलीकडेच अडकलो. पुढे पाणी दिसेना, नुसते केंदाळ. वल्हे घुसत नव्हते, उचलले की मुळांचा झुपका वर यायचा आणि नाकाला रुमाल लावावा लागायचा. तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण इथे वासानेच कळते. केंदाळ कुजते, सांडपाणी कुजते, ते पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे वर येतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती कुणी विसरू नये.

केंदाळाला दोन गोष्टी लागतात, थांबलेले पाणी आणि खत. पाणी बंधाऱ्यांनी थांबवले आहे, त्याला इलाज नाही, त्यावरच आपला ऊस आहे. खत मात्र शहरांच्या सांडपाण्यातून येते, कारखान्यांच्या पाण्यातून येते आणि आपल्या रानातूनही येते. हे शेवटचे बोलले की शेतकरी बंधू रागावतात. "गटारं आधी बंद करा" म्हणतात. बरोबर आहे, ती बंद झालीच पाहिजेत. पण आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे आणि तीही चार हप्त्यांत : लावणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. आपल्याकडे युरिया फोकायचा आणि वरून पाटाने भरपूर पाणी सोडायचे, मग नत्र मुळाला किती आणि नदीला किती? पैसे आपलेच वाहून जातात. औषध फवारणीचा पंप नदीत विसळणारे तर मी त्या दिवशी दोन पाहिले. खाली त्याच पाण्यात म्हसरे उभी होती.

फुलावर येण्याआधी केंदाळ काढून त्याचे कंपोस्ट होते. बी धरले की ते गाळात वर्षानुवर्षे टिकते, म्हणून आधी. कारखान्याचे पाणी मिसळते तिथले केंदाळ मात्र भाजीपाल्याला वापरू नये, ते जड धातू ओढून घेते.

आता सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढताना बोट उलटून जीव गेले. बोटीत माणसे किती घ्यायची, कुठे बसवायची, वल्हे कसे धरायचे हे पुरात शिकता येत नाही. ते डिसेंबर-जानेवारीत, बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात शिकवावे. गावची बोट शाळेच्या खोलीत पडून असेल तर बाहेर काढा, लाइफ जॅकेटचे बंद उंदरांनी कुरतडलेत का पाहा, आणि तालमीतली आठ-दहा पोरे त्यावर बसवा. काठावर नांगर धरायला एक दोर आणि एक जाणता माणूस पाहिजेच. मोटारीच्या उघड्या वायरी पाण्यात लोंबत असतील तिथे मात्र पोरांना उतरवू नका. चिखली ते राजाराम एवढ्या पट्ट्यात आम्हाला अशा तीन जागा दिसल्या.