रात्रीचा ठणका आणि रूट कॅनालची धास्ती

रात्री अकराला दाढ ठणकायला लागते. आडवं पडलं की ठणका वाढतो, उठून बसलं की जरा उतरतो. थंड पाण्याची चूळ तोंडात धरावी, तेवढा वेळच बरं वाटतं. लवंग चावून होते, लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून होतो. सकाळी डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणतात, "रूट कॅनाल करावं लागेल." आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला पेशंट म्हणतो, "ते नको डॉक्टर, फार दुखतं म्हणे. गोळ्यांवर नाही का भागणार?"

जे सोसलं त्याहून जे ऐकलं त्याचीच भीती जास्त. त्या ऐकीव गोष्टींची ही शहानिशा.

गैरसमज : नस ओढून काढतात, म्हणजे जीवच जाणार.

वस्तुस्थिती : दाताच्या आत मऊ गाभा असतो, त्याला पल्प म्हणतात. त्यात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथवर पोचली की पल्प सुजतो. गालाला सूज आली तर गाल फुगतो. दाताच्या टणक भिंतींत मात्र सुजेला पसरायला जागाच नसते. रात्रीचा ठणका येतो तो या कोंडलेल्या दाबामुळे. रूट कॅनालमध्ये हा पल्प काढून टाकतात, मुळांतल्या नळ्या साफ करतात आणि गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून त्या बंद करतात. म्हणजे ज्या उपचाराची भीती वाटते, तोच ठणका थांबवतो.

हे सगळं भाग बधिर करून होतं. त्यासाठीचं लिग्नोकेन स्वीडनच्या नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. मात्र खालच्या दाढेचा पल्प फार सुजलेला असेल, तर पहिलं इंजेक्शन कधी कधी पुरं पडत नाही, हेही खरं. "मला भूल चढतच नाही," असं म्हणणारा पेशंट नाटक करत नसतो. अशा वेळी मुळाच्या बाजूला जादा इंजेक्शन द्यावं लागतं, थोडं थांबावं लागतं आणि दाढ बधिर झाल्याची खात्री करूनच पुढे जावं लागतं.

गैरसमज : डॉक्टरचा हात हलका असला की झालं, बोलण्याने काय होतं?

वस्तुस्थिती : घाबरलेल्या माणसाला तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. म्हणून समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

पेशंट खुर्चीत आडवा, तोंड उघडं, बोलायची सोय नाही. तेवढ्यात दातावर रबराचा पडदा ताणून बसवला जातो. हा रबर डॅम दंतवैद्यकात १८६४ पासून आहे, पण पहिल्यांदा खुर्चीत बसलेल्याला ते कुठून ठाऊक असणार? कुणी काहीच बोललं नाही तर गुदमरल्यासारखं होणारच. "यामुळे औषध किंवा बारीक सुई घशात जाणार नाही, नाकाने श्वास घेत राहा," एवढं आधी सांगितलं की आवळलेले खांदे सैल पडतात. इंजेक्शननंतर छाती थोडी धडधडते, ती बहुधा त्यातल्या अॅड्रेनालिनमुळे, आणि काही मिनिटांत थांबते. यंत्राची टिकटिक नळीची लांबी मोजताना होते. ब्लीचसारखा वास जंतू मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटचा असतो. प्रत्येक गोष्टीला एकेक वाक्य पुरतं.

त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य असं : "दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." डॉक्टर बहुधा पेशंटच्या उजवीकडे बसतात, म्हणून डावा हात. हात वर झाला की मात्र खरोखर थांबायला हवं. एकदा दुर्लक्ष झालं, तर पुढची दाढ दुखली की तोच पेशंट दुखणं अंगावर काढतो.

गैरसमज : अँटिबायोटिकचा कोर्स केला की रूट कॅनाल टळतं.

वस्तुस्थिती : गोळीतलं औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या पल्पला रक्तपुरवठाच नसतो. ताप आला, चेहऱ्यावर सूज पसरू लागली, तर अँटिबायोटिक लागतं. पण आतली घाण त्याने निघत नाही.

गैरसमज : त्यापेक्षा दाढ काढलेली बरी. पण वरची काढली तर डोळे जातात.

वस्तुस्थिती : दृष्टीची नस आणि वरच्या दातांची नस वेगवेगळी आहे, त्यामुळे डोळ्यांना धोका नाही. पण वाचण्याजोगी दाढ काढली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलू लागतात.

गैरसमज : नस काढूनही दुखतंय, म्हणजे काम बिघडलं.

वस्तुस्थिती : नस दाताच्या आतली गेली. दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू शाबूत असतात आणि त्यांना संवेदना असते. त्यामुळे काही दिवस चावताना दुखरेपणा राहू शकतो. तो दिवसागणिक कमी व्हायला हवा. वाढत गेला किंवा सूज आली, तर डॉक्टरांना लगेच कळवावं.

गैरसमज : रूट कॅनाल केलेला दात शरीरात आजार पसरवतो.

वस्तुस्थिती : ही भीती जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्टन प्राइस यांच्या प्रयोगांमुळे तिला जोर चढला आणि वाचवता येण्याजोगे कितीतरी दात उपटले गेले. त्या प्रयोगांच्या पद्धतीत दोष होते, आणि पुढच्या संशोधनात तसे निष्कर्ष टिकले नाहीत.

गैरसमज : दुखायचं थांबलं, आता कॅपचा खर्च कशाला?

वस्तुस्थिती : किडीने आणि उपचारासाठी केलेल्या कोरण्याने दाढ आतून पोकळ झालेली असते. कॅप नसेल तर सुपारी किंवा चिक्की चावताना ती उभी चिरू शकते, आणि चीर मुळात उतरली की दाढ काढण्यावाचून बहुधा इलाज राहत नाही. पुष्कळ पेशंट इथेच थांबतात, कारण कॅपचा आकडा त्यांना शेवटच्या दिवशी कळतो. रूट कॅनाल आणि कॅप मिळून किती खर्च येईल, किती खेपा पडतील, हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर घरी पैशांची जुळणी करता येते. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने काही कडक चावू नये, हेही त्याच कागदावर मराठीत लिहून द्यावं.