दरवाजांचं शहर आणि मजनू हिलचे गुलाब

छत्रपती संभाजीनगर म्हटलं की बहुतेकजण थेट वेरूळ-अजिंठा गाठतात. पण शहरासाठीही एक सकाळ ठेवाच!

सुरुवात करा मजनू हिलच्या गुलाब उद्यानातून. थंडीत जा. आपल्याकडे साधारण ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी होते, नवी फूट येते आणि दीड-दोन महिन्यांत ताटवे बहरतात. ऊन चढण्याआधी पोहोचलात तर पाकळ्यांवर दव असतं आणि सुवासही भरपूर.

तिथून जवळच दिल्ली दरवाजा. औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास शहराभोवती तटबंदी घातली, त्या काळातला. तोंड उत्तरेला, दिल्लीच्या वाटेकडे. पैठण दरवाजाही असाच वाटेच्या गावावरून ओळखला जातो. या शहरात ५२ दरवाजे होते असं सांगतात. त्यातले बरेच आता नाहीत.

माझा सर्वांत आवडता मात्र भडकल दरवाजा. तो तटबंदीच्याही आधीचा. १६१० मध्ये खडकी, म्हणजेच हे शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये तो उभारला. कमानीखाली थांबून वर नक्की बघा. एवढा भव्य घुमट, आणि खालून रोजची माणसं ये-जा करतायत. मला तर दर वेळी भारावून जायला होतं.

वेळ उरला तर खाम नदीच्या पुलावरचा मकई दरवाजा चुकवू नका.

एक विनंती : फुलं तोडू नका आणि या दगडांवर नावं कोरू नका.