क्रॉसिंगला थांबलेली गाडी आणि रेषेचा चढ

कोकण रेल्वेच्या पॅसेंजरने जाणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतो. चढणारं-उतरणारं कुणी नाही, तरी गाडी या आडबाजूच्या स्टेशनात का उभी? ‘क्रॉसिंग आहे’, एवढंच उत्तर मिळतं. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग बराचसा एकेरी आहे. समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायचं तर ते स्टेशनातल्या लूप लाइनवरच जमतं. मग कोणी, कुठे आणि किती वेळ थांबायचं? उत्तर दहावीच्या गणितात आहे.

समजा, 120 किलोमीटरचा एकेरी पट्टा आहे. कागदावर आडवी वेळ घ्या, उभं अंतर. पॅसेंजर सकाळी 10 वाजता अलीकडच्या टोकावरून ताशी 40 किलोमीटरने निघाली. तिचं समीकरण: अंतर = 40 × वेळ. त्याच वेळी पलीकडून एक्स्प्रेस ताशी 60 ने निघाली: अंतर = 120 − 60 × वेळ. पहिली रेषा चढते, दुसरी उतरते. रेषेचा चढ म्हणजे इथे गाडीचा वेग, आणि त्याचं चिन्ह म्हणजे गाडीची दिशा. एक्स्प्रेसचा चढ उणे 60 आहे, कारण ती आपल्याकडे येते आहे.

या रेषा छेदतात 48 व्या किलोमीटरवर, 11 वाजून 12 मिनिटांनी. परीक्षेत इथे गुण मिळतात, रुळावर मात्र इथे टक्कर होते! कारण आपल्या पट्ट्यात स्टेशनं आहेत 42 आणि 55 किलोमीटरवर. पॅसेंजर 42 व्या किलोमीटरवर 11:03 ला पोहोचते, एक्स्प्रेस तिथे 11:18 ला येते. म्हणजे पंधरा मिनिटं पॅसेंजर उभी. एक्स्प्रेसलाच 55 व्या किलोमीटरवर रोखलं असतं तर तिला साडेसतरा मिनिटं थांबावं लागलं असतं. पॅसेंजरवरचा अन्याय गणिताने तरी समर्थनीय ठरतो.

थांबलेल्या पंधरा मिनिटांत पॅसेंजरची रेषा आडवी होते, तिचा चढ शून्य. निघाल्यावर ती आधीच्या रेषेला समांतर धावते: अंतर = 40 × वेळ − 10. चढ तोच, म्हणजे वेगही तोच. तो उणे 10 मात्र शेवटपर्यंत सोबत राहतो, कारण पंधरा मिनिटांत गाडी जे 10 किलोमीटर गेली असती, ते राहून गेले. ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’ मधला ‘सी’ हा असा गाडीच्या उशिराचा हिशेब ठेवतो. आणि उभी रेषा? ती या आलेखात येऊच शकत नाही, कारण तसं झालं तर गाडी एकाच क्षणी सगळ्या स्टेशनांत हजर असेल. तिचा चढ काढायचा तर अंतराला शून्य वेळाने भागावं लागेल, आणि शून्याने भागू नका, असं शिक्षक बजावतातच.

रेल्वेचे कंट्रोलर असे आलेख वर्षानुवर्षं हाताने काढत आले. आता ते काम बऱ्याच ठिकाणी संगणक करतो. पॅरिस-लियाँ मार्गाचा असा एक देखणा आलेख फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांच्या 1878 च्या पुस्तकात आहे. तो मारेंच्या नावाने जगप्रसिद्ध झाला, पण खुद्द मारेंनी त्याचं श्रेय इब्री नावाच्या इंजिनिअरला दिलं होतं. ते वाचायला कुणाला फुरसत!

श्रेयाची अशीच गंमत आलेखाच्या मुळाशीही आहे. छतावरची माशी पाहून गणितज्ञ देकार्तला आलेखाचे अक्ष सुचले, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिला समकालीन पुरावा नाही. त्याचं भूमितीवरचं लेखन 1637 चं. त्याच सुमारास तुलूजच्या न्यायालयातल्या पिएर द फर्माने एक हस्तलिखित लिहून ठेवलं होतं. दोन अज्ञात राशींचं पहिल्या घाताचं समीकरण सरळ रेषाच देतं, हे त्यात स्वच्छ मांडलेलं होतं. देकार्तचं लक्ष अवघड वक्रांकडे होतं, साध्या रेषेकडे फर्माने पाहिलं. पण छापण्याचा त्याला भारी कंटाळा. ते हस्तलिखित छापलं गेलं 1679 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. मला विचाराल तर आलेखवहीच्या पहिल्या पानावर फर्माचं चित्र हवं.

आलेख वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. कागदावरचा कोन म्हणजे चढ नव्हे. आडवा अक्ष आखडला की तीच पॅसेंजर रॉकेटसारखी दिसते. महागाईचे आणि शेअर बाजाराचे छाती दडपवणारे आलेख बरेचदा असेच बेतलेले असतात. म्हणून आधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचावेत आणि भागाकार करावा. खऱ्या चढाच्या बाबतीतही डोळे फसतात: बोरघाटातला रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे, म्हणजे जेमतेम दीड अंश. प्रमाणशीर काढला तर तो कागदावर सपाटच वाटेल. तरीही कर्जतला गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात.