आधी ऊर्जा, मग पूरके: वाढत्या डुकराचे खाद्य कसे जुळवावे

पिल्लू आईपासून तुटून वीस किलोच्या पुढे गेले की त्याची खरी वाढ सुरू होते. इथून पन्नास-साठ किलोपर्यंतचा टप्पा कसा जातो, यावर वराहपालनाचा नफा ठरतो, कारण एकूण खर्चातला साधारण ६५ ते ७५ टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. वाढ मंदावलेली दिसली की आपण पहिल्यांदा टॉनिक किंवा मिनरल मिक्श्चर आणायला धावतो. पण बऱ्याचदा उणीव ऊर्जेची असते, आणि ती कोणतेही पूरक भरून काढत नाही. म्हणून खाद्य जुळवताना क्रम पाळावा: आधी ऊर्जा, मग प्रथिन, आणि शेवटी पूरके.

ऊर्जा म्हणजे काय?
खाद्यातली सगळी ऊर्जा जनावराच्या कामी येत नाही. थोडी विष्ठेतून जाते, थोडी मूत्रातून. उरते ती चयापचयी ऊर्जा, म्हणजे शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारी ऊर्जा. ती किलोकॅलरीत मोजतात. पस्तीस किलोच्या डुकराला नुसते जिवंत राहायला दिवसाला सुमारे १,५०० किलोकॅलरी लागतात. त्याहून वरची जेवढी मिळेल, तेवढ्यावरच वजन वाढते.

घटकांची ओळख
एक किलो मक्यात साधारण ३,३५० किलोकॅलरी असतात, सोयाबीन पेंडीत ३,२००, राईस पॉलिशमध्ये २,९०० आणि गव्हाच्या कोंड्यात २,३००. तेलात मात्र तब्बल ८,५०० च्या आसपास. मालाच्या प्रतीनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण हिशेबाला पुरेसे आहेत.

१०० किलोचे मिश्रण
२० ते ५० किलो वजनाच्या संकरित डुकरांसाठी आपण असे मिश्रण करू शकता: मका ६० किलो, सोयाबीन पेंड २४ किलो, राईस पॉलिश ८ किलो, गव्हाचा कोंडा ५ किलो, डुकरांसाठीचे कॅल्शियम-फॉस्फरसयुक्त खनिज व जीवनसत्त्व मिश्रण २ किलो ४०० ग्रॅम, मीठ ५०० ग्रॅम आणि लायसिन १०० ग्रॅम. यात प्रथिन सुमारे १८ टक्के बसते आणि ऊर्जा किलोमागे ३,१२५ किलोकॅलरीच्या घरात येते. खनिज मिश्रणाची मात्रा मात्र पाकिटावर पाहून पक्की करा. ती कमी सांगितली असेल, तर उरलेल्या भागात डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी) आणि चुनखडी किती घालायची ते पशुवैद्यकाला विचारा.

पहिली चूक: मक्याऐवजी कोंडा
मका महागला की आपण त्याच्या जागी कोंडा घालतो. वरच्या मिश्रणातला २० किलो मका काढून २० किलो कोंडा घातला, तर ऊर्जा किलोमागे २१० किलोकॅलरीने घटते. पस्तीस किलोचे डुकर दिवसाला दीड किलो खात असेल, तर त्याला रोज ३१५ किलोकॅलरी कमी मिळतात. जगण्याचा १,५०० चा खर्च तर टळत नाही, त्यामुळे सगळी कपात वाढीच्या वाट्याला येते आणि वाढीसाठीची ऊर्जा सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. मोठे डुकर जास्त खाऊन काही प्रमाणात तूट भरून काढते. लहान डुकराचे पोट तंतुमय खाद्याने लवकर भरते, त्याला ते जमत नाही.

प्रथिनातली मेख: लायसिन
प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यातले लायसिन हे अमिनो आम्ल मक्यात फार कमी असते आणि त्याच्या कमतरतेनेच मांस तयार होण्याचा वेग अडतो. लायसिन अपुरे असेल, तर आपण दिलेली जास्तीची ऊर्जा मांसाऐवजी चरबीत जाते. म्हणून दोघांचे प्रमाण एकत्र पाहावे: या वयात दर १,००० किलोकॅलरीमागे सुमारे ३ ग्रॅम लायसिन. पुढे तेल घालून ऊर्जा वाढवली, तर लायसिनही त्या प्रमाणात वाढवावे लागते, कारण ऊर्जा लवकर पुरी झाली की डुकर खाद्य थोडे कमी खाते.

घरचे सोयाबीन
विदर्भ-मराठवाड्यात घरचे सोयाबीन असते, तेव्हा ते दळून घालण्याचा मोह होतो. कच्च्या दाण्यात प्रथिनाचे पचन रोखणारे घटक असतात. ते नीट भाजल्यावरच निष्प्रभ होतात. म्हणून दाणा भाजून घ्या किंवा पेंड वापरा. शेंगदाणा पेंडीत लायसिन कमी असते आणि बुरशीच्या विषाचा धोका जास्त. सरकी पेंडीतले गॉसिपॉल हे द्रव्य डुकराला बाधते, त्यामुळे ती टाळलेली बरी.

खनिजे: जास्त म्हणजे चांगले नव्हे
धान्यातला फॉस्फरसचा साधारण दोन तृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, डुकराला तो सुटा करता येत नाही. फायटेज हे विकर, म्हणजे पचनाला मदत करणारे द्रव्य, तो मोकळा करते. चुनखडी मात्र मापातच घाला. कॅल्शियम जास्त झाले की जस्ताचे शोषण अडते आणि पायांवर, पोटावर कातडी जाड, खरखरीत होऊन खपल्या धरतात. अनेकजण ती खरूज समजून औषध लावत बसतात. गायी-म्हशींचे पशुखाद्य डुकरांना देऊ नका. त्यात युरिया असू शकतो आणि युरियातला नत्र डुकराच्या उपयोगाचा नसतो.

दळणे आणि मिसळणे
मका रव्याइतका भरडा. विष्ठेत मक्याचे तुकडे दिसले, तर भरडा जाड राहिला आहे आणि आपले पैसे तिथे पडले आहेत. पिठासारखा बारीकही नको, त्याने जठरात व्रण होतात. १०० ग्रॅम लायसिन सरळ ढिगावर टाकले तर काही जनावरांना भरपूर जाते, काहींना काहीच नाही. ते आधी एक किलो भरड्यात कालवा, मग ते दहा किलोत आणि शेवटी सगळ्यात. राईस पॉलिश ताजीच घ्या. त्यातले तेल लवकर खवट होते. मूठभर हातात घेऊन वास घ्या, उग्र आला तर परत करा.

हॉटेलचे उरलेले अन्न
शहरांजवळ बरेच जण यावरच डुकरे वाढवतात. या अन्नात पाणी भरपूर असते आणि ऊर्जा रोज बदलते, म्हणून त्याच्या जोडीला कोरडे मिश्रण हवेच. त्यात मीठ आधीच असते, तेव्हा मिश्रणातले मीठ कमी करा. सर्वांत मोठा धोका या अन्नातून येणाऱ्या आफ्रिकन स्वाईन फीव्हर या रोगाचा आहे. २०२० मध्ये तो आसाम आणि अरुणाचल प्रदेशात, म्हणजे भारतात पहिल्यांदा आढळला. त्यावर उपचार नाही. डुकराचे मांस असलेले उरलेले अन्न देऊच नये. बाकीचे ९० अंश सेल्सिअसवर किमान एक तास, सतत ढवळत शिजवावे.

उन्हाळा
डुकराला माणसासारखा घाम येत नाही. तापमान तिशीच्या पुढे गेले की ते खाणे कमी करते. कोंडा आणि गरजेपेक्षा जास्त प्रथिन पचवताना शरीरात उष्णता अधिक तयार होते, तेलाने कमी. म्हणून उन्हाळ्यात कोंडा घटवा आणि १०० किलोत एक-दोन किलो मक्याऐवजी तेल घाला. दर किलो तेलाने खाद्यातली ऊर्जा किलोमागे ५० किलोकॅलरीने वाढते. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या. पाणी अखंड हवे, एक किलो कोरड्या खाद्यामागे दोन-तीन लिटर तरी. पाणी तुटले तर नेहमीच्या मिठानेही विषबाधा होऊ शकते.

वजन मोजा
काटा नसला तरी टेप चालतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि कानांमधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, हे अंदाजे वजन किलोत. दोन्ही मापे ०.८० आली, तर वजन साडेपस्तीस किलो. दर पंधरा दिवसांनी त्याच जनावरांची मापे वहीत लिहा. पन्नास किलोनंतर प्रथिन १६ टक्क्यांच्या आसपास उतरवा, नाहीतर पेंडीवर फुकट खर्च होतो. गोव्याच्या अगोंदा गोवनसारख्या देशी डुकरांना हेच खाद्य भरपूर दिले, तर चरबी चढते. त्यांचे प्रमाण वेगळे लागते.

वाढ अडली तर वही घेऊन या क्रमानेच तपासा: ऊर्जा पुरते का, लायसिन प्रमाणात आहे का, भरडा आणि पाणी ठीक आहे का, जंतनाशक दिले आहे का. एवढे पाहून झाल्यावरच नवे पूरक विकत घ्या. शंका राहिली तर मिश्रणाचा कागद आणि वजनांची वही घेऊन तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात भेटा. आकडे समोर असले की नेमकी उणीव त्यांनाही लवकर सापडते आणि आपला पैसा योग्य जागी जातो.