नागपूर म्हणजे वाळवंट नव्हे! बागेविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्च उलटला की नागपुरात ऊन मी म्हणू लागतं. कूलरला नव्या ताट्या बसतात, सिग्नलवर सावलीसाठी हिरवी जाळी ताणली जाते आणि अंगणातली, गच्चीवरची झाडं माना टाकू लागतात. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात झाडं जगवायची म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारचे काका एक सांगतात, नर्सरीवाला दुसरं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ तिसरंच. यातले बरेच सल्ले पुण्या-मुंबईच्या हवेसाठी असतात, नाहीतर राजस्थानच्या वाळूसाठी. इथल्या हवेला आणि मातीला ते लागू पडतातच असं नाही. त्यातले नेहमी कानावर येणारे काही सल्ले तपासून पाहू.

गैरसमज १ : नागपूर वाळवंटासारखंच तापतं, म्हणून वाळवंटी झाडं लावावीत.

वस्तुस्थिती : तापमानापुरतं हे खरं, पण पावसाचा हिशेब अगदीच वेगळा आहे. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागपूरला हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्यात इथली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते धरून ठेवते. उन्हाळ्यात तीच आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मेमध्ये मजेत असलेलं अ‍ॅडेनियम किंवा निवडुंग ऑगस्टमध्ये बुंध्यापासून मऊ पडून सडतं ते त्यामुळेच. उन्हानं नव्हे, साचलेल्या पाण्यानं ते मरतं. ही झाडं हवीच असतील तर कुंडीत, वाळू-मुरूम मिसळलेल्या मातीत लावावीत आणि पावसाळ्यात छपराखाली घ्यावीत.

जमिनीत लावायला अशी झाडं निवडावीत जी तीन महिने कोरडी आणि चार महिने ओली माती, दोन्ही सोसतात. बाभूळ, करंज, पळस ही काळ्या मातीत वाढणारी झाडं त्यात बसतात. कडुनिंब आणि बहावा उन्हाला पक्के, पण त्यांच्या पायाशी पाणी तुंबू देऊ नये. नव्या लेआउटमध्ये काळ्या मातीवर मुरूम आणि बांधकामाचा मलबा टाकून प्लॉट भरलेले असतात. तिथे आधी खड्डा खणून खाली नेमकं काय आहे ते पाहावं. मग त्यात पाणी भरावं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर रोप उंचवट्यावर लावावं.

गैरसमज २ : उन्हाळ्यात सगळ्या झाडांना रोज दोन वेळा पाणी हवंच.

वस्तुस्थिती : कुंडीतल्या झाडांना रोज पाणी लागतं, कारण कुंडीत मातीच थोडी असते. जमिनीतल्या झाडाचं तसं नाही. रोज झारीभर पाणी दिलं की वरची दोन-तीन इंच मातीच ओली होते. मुळंही तेवढ्यातच घुटमळतात आणि चार दिवस गावाला जायची वेळ आली की झाड आडवं. त्यापेक्षा काही दिवसांच्या अंतरानं, सावकाश, वीतभर खोल मुरेल इतकं पाणी द्यावं. मग मुळं पाण्यामागे खाली जातात. किती दिवसांनी द्यायचं ते खुरपीला विचारावं : वीतभर खोल उकरून माती चिमटीत दाबली आणि तिचा गोळा झाला, तर अजून थांबता येतं.

आळं बुंध्याला चिकटून करू नये. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. झाड वाढेल तसं आळंही बाहेर सरकवावं. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांकडून घेण्यासारखी आहे. कपाशीत डवरणी केली की तण निघतं, शिवाय भेगा बुजतात आणि वरच्या भुसभुशीत थरामुळे खालची ओल टिकते. बागेत तेच काम खुरपीनं होतं. वर वाळलेल्या पानांचा तीन-चार बोटं जाड थर घातला तर ओल आणखी टिकते.

गैरसमज ३ : दुपारी पानं लोंबली, म्हणजे झाड तहानलेलं आहे.

वस्तुस्थिती : पंचेचाळीस अंशांत मोठ्या पानांतून पाण्याची वाफ इतक्या झपाट्यानं होते की ओल्या मातीतूनही मुळांना तेवढा पुरवठा जमत नाही. जास्वंदीची, भोपळ्याच्या वेलाची पानं दुपारी तीनला लोंबतात आणि सूर्य कलल्यावर पुन्हा ताठ होतात. झाडाची परीक्षा सकाळी सातला घ्यावी. तेव्हाही पानं लोंबलेली असतील तर पाणी हवंच. सकाळी ताजं आणि दुपारी मलूल दिसणाऱ्या झाडाला पाण्यापेक्षा सावलीची गरज असते. पश्चिमेची भिंत संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेली असते. तिच्याजवळच्या कुंड्या हलवल्या किंवा वर निम्मं ऊन अडवणारी हिरवी नेट बांधली की फरक पडतो.

गैरसमज ४ : दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे काम करून पानं भाजतात.

वस्तुस्थिती : हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांनी पान भाजत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब वर तोलला गेला तर तशी शक्यता राहते. दुपारी पाणी घालू नये हे बरोबरच आहे, पण त्याची कारणं निराळी. एक तर बरंच पाणी मुरण्याआधीच उडून जातं. दुसरं म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. संध्याकाळीही पाइपातलं पहिलं पाणी बादलीत घ्यावं आणि हाताला सोसतं की नाही ते पाहून मगच कुंडीत सोडावं. सकाळची वेळ सर्वांत चांगली.

गैरसमज ५ : झाडाला पाण्याचा ताण पडणं वाईटच.

वस्तुस्थिती : असं असतं तर नागपूरचा संत्रा बाजारात आलाच नसता! मृग बहारासाठी शेतकरी मे महिन्याच्या ऐन उन्हात संत्र्याच्या बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात आणि पावसाचं पाणी मिळताच झाड फुलावर येतं. आंबिया बहारासाठी हाच ताण थंडीत देतात. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी जमिनीत वेळ लागतो. केव्हा थांबायचं, हे ज्याला कळतं तो बागायतदार.

घरच्या बागेतही हाच नियम दिसतो. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि खत दिलं की ती नुसती पानांनी माजते. हात आखडता घेतला की रंगांनी भरते. मोगऱ्याचं पाणी हिवाळ्यात कमी करून त्याची छाटणी केली आणि नंतर खत-पाणी सुरू केलं, तर ऐन उन्हाळ्यात कळ्यांचा बहर येतो. मात्र हे जुन्या, रुजलेल्या झाडांचं झालं. या वर्षी लावलेल्या रोपावर हा प्रयोग करू नये.

गैरसमज ६ : उन्हाळ्यात पानं झडली, म्हणजे झाड वाळलं. पडलेली पानं म्हणजे कचरा.

वस्तुस्थिती : विदर्भातलं जंगल पानझडी आहे. साग, मोह, पळस, काटेसावर पानं टाकून पाणी वाचवतात. पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतो. कडुनिंब जुनी पानं टाकून मार्च-एप्रिलमध्ये कोवळी पालवी धारण करतो. म्हणून उघडंबोडकं झाड दिसलं की कुऱ्हाड उचलायची नाही. फांदीची साल नखानं हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

गळलेली पानं गोळा करून पेटवण्याची सवय तर बागेचं थेट नुकसान करते. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई आहेच. आणि वर सांगितलेलं आच्छादन दुसरीकडून विकत आणावं लागत नाही, ते हेच.

गैरसमज ७ : लवकर वाढेल आणि बारमाही हिरवं राहील तेच झाड चांगलं.

वस्तुस्थिती : गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो देखणा, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. अवकाळी वादळ आलं की आधी त्याच्या फांद्या रस्त्यावर येतात. सुबाभूळ मध्य अमेरिकेकडून आली. तिच्या शेंगांतून इतकं बी पडतं की दोन-चार वर्षांत मोकळ्या प्लॉटवर दुसरं काही उगवू देत नाही. झटपट हिरवाईसाठी अनेक शहरांनी लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदीच घातली. घरासमोर सावली हवी असेल तर कडुनिंब, करंज लावावेत. फुलं हवी असतील तर बहावा. कुंपणाला मेंदी. कण्हेरही उन्हाला दाद देत नाही, पण ती विषारी आहे. लहान मुलं किंवा गुरं जिथे फिरतात तिथे ती नको.

गैरसमज ८ : देशी झाड लावलं की मग पाणी घालावं लागत नाही.

वस्तुस्थिती : या समजुतीपायी दरवर्षी कितीतरी रोपं मरतात. जुलैत वाजतगाजत वृक्षारोपण होतं, फोटो निघतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये ट्रीगार्डमध्ये वाळलेली काडी उरते. कडुनिंब कितीही काटक असला तरी पहिल्या वर्षी त्याची मुळं पिशवीच्या आकाराबाहेर फारशी गेलेली नसतात. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. लावणी मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी, म्हणजे मुळांना पुढचे सगळे ओले महिने मिळतात. नर्सरीतून उंच रोप आणण्याचा मोहही टाळावा. पिशवीत गोल गुंडाळलेल्या मुळांच्या उंच रोपापेक्षा सरळ मुळांचं लहान रोप बरं.

गैरसमज ९ : लॉन नसेल तर ती बाग कसली?

वस्तुस्थिती : साधं गणित करू. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटरचा थर. हजार चौरस फुटांच्या लॉनला रोज फक्त पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तरी साडेचारशे लिटरच्या वर लागतं, आणि मेमध्ये तेवढंही पुरत नाही. नागपूरकर जे पाणी पितात ते पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. तेच गवतावर ओतायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. हिरवळ हवीच असेल तर हराळी लावावी. उन्हाळ्यात ती पिवळी पडते आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर मुळांतून पुन्हा फुटते.

गैरसमज १० : वाया जाणारं कुठलंही पाणी झाडांना चालतं.

वस्तुस्थिती : एसीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, ते खुशाल वापरावं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र उलट्या टोकाचं. पाण्याची वाफ उडत राहते, क्षार मागे साठत जातात. ताट्यांवर जमणारा पांढरा थर त्यांचाच असतो. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार जास्त असतात. ही दोन्ही पाणी कुंड्यांना रोज घातली तर पानांच्या कडा करपतात. त्या पाण्यानं अंगण किंवा गाडी धुवावी.

पान पिवळं दिसलं की युरिया टाकायचा, हाही असाच एक गैरसमज. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नसल्याची शक्यता मोठी. तिथे युरिया टाकून उपयोग नाही. उलट भर उन्हाळ्यात कोवळी फूट येऊन तीही करपते. खत पावसाळ्यासाठी राखून ठेवावं आणि त्याआधी एकदा मातीची तपासणी करून घ्यावी.

गैरसमज ११ : बुंध्याभोवती सिमेंट किंवा टाइल्स लावल्या की झाड सुरक्षित.

वस्तुस्थिती : मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. बुंध्यापर्यंत सिमेंट आलं की पाऊस आत मुरत नाही, मुळं गुदमरतात आणि पकड सुटलेलं झाड वादळात उन्मळतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. सिमेंट रस्त्यांच्या नागपुरात आपल्या फाटकासमोरच्या झाडाला एवढी जागा आहे का, हे प्रत्येकानं एकदा टेपनं मोजून पाहावं. नसेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी मागणी करावी.

नागपुरात झाड जगवायला उंची खतं लागत नाहीत आणि परदेशी रोपंही लागत नाहीत. काळ्या मातीला मानवणारं झाड निवडा, मृगाच्या पावसानंतर लावा, पाणी क्वचित पण खोल द्या आणि त्याचे पहिले तीन उन्हाळे सांभाळा. पुढचं झाड स्वतः पाहून घेतं. या पावसाळ्यात दहा रोपं लावून विसरण्यापेक्षा एकच लावा आणि जगवा.